धुरपताबाईचं उपडं घमेलं

मी एक लोखंडी घमेलं आहे. बुडाला भोक पडलंय, कडा गंजल्यात. धुरपताबाईनं माझ्यात माती भरून पुदिना लावलाय. आता काम नाही, म्हणून जुनं आठवत बसतो.

पूर्णेच्या बाजारातून मी चुडावा स्टेशनापासून कोसभर असलेल्या एका गावी आलो. तिथं सरकारी घरकुलं बांधायची होती. वाळू-सिमेंट वाहताना वाटायचं, या भिंती माझ्याच आहेत. काम संपलं आणि मुकादम मला विसरून गेला. शेवटचं घर विधवा धुरपताबाईला मिळालं, तिथंच मी राहिलो.

दोन वर्षांत तिच्या छताचा सिमेंटचा पत्रा तडकला. मग पावसाळाभर घराच्या मधोमध बसून मी ठिबक झेलायचो.

वर्षातून एकदा घरांची पाहणी व्हायची, पण आधी निरोप यायचा. ग्रामसेवक पहिल्या दोन घरांना चुना मारून घ्यायचे आणि धुरपताबाईला सांगायचे, "मावशी, ते घमेलं तेवढं बाजेखाली सारा." साहेब पहिल्याच घरी चहा पिऊन जीपनं परत जायचे. कागदावर सगळी घरं चांगली.

शहाऐंशीच्या श्रावणात धुरपताबाईची लेक तानू पहिल्या बाळंतपणाला यायची होती. शेजारीण दगडाबाई म्हणाली, "गळत्या घरात बाळंतीण कुठं निजवतीस गं? तानूच्या सासूला कळलं तर ती धाडायचीच न्हाई." धुरपताबाईनं त्या दिवशी माझ्यातलं पाणी चारदा ओतलं.

त्याच झडीत एक माणूस पॅसेंजरमधून उतरला आणि चिखल तुडवत मागच्या वाटेनं आला. त्या वाटेला शेवटचंच घर आधी लागतं.

"पाहणीला आलोय, बाई. निरोप पाठवला नव्हता."

मला वाटलं, आता ही सांगणार. पण दारी पाहुणा आलेला, आणि बाजेवर गळतीपासून वाचवलेली बोचकी रचलेली, बसायला दुसरं काही नाही. तिनं घाईनं माझ्यातलं पाणी ओतलं, मला उपडं केलं, वर घोंगडी टाकली. "बसा, साहेब."

"घराची काही तक्रार?"

"न्हाई बा. समदं बेस हाय. च्या टाकू का?"

माणसं अशीच. आल्यागेल्यापुढं दुःख काढायला लाजतात. माझा जीव तळमळला. पण घाईत तिनं मला जागचं हलवलंच नव्हतं.

टप. साहेबांच्या कागदावर. टप. चष्म्यावर.

साहेबांनी वर पाहिलं. मग उठून घोंगडी उचलली, मला उलटवून माझं ओलं पोट पाहिलं. "हे इथं कधीपासून आहे?"

"चार पावसाळे झाले की!" दगडाबाई दारातून म्हणाली. "आन् ह्या शहाणीनं तुमाला नेमकं तिथंच बसवलं!"

धुरपताबाई पदरात तोंड लपवून हसली. हसता हसता रडली. "साहेब, लेक यायलीय बाळंतपणाला..."

पंधरा दिवसांत नवा पत्रा आला. तानूला मुलगी झाली. मी पुन्हा बाजेखाली गेलो, पण लपायला नव्हे. पोटात निखारे घेऊन मायलेकींना शेक द्यायला. त्या निखाऱ्यांनीच माझं बूड झिजलं. त्याचं मला दुःख नाही.

ते साहेब पुढं बदलून गेले. आता पुन्हा आधी निरोप येतो, पहिल्या दोन घरांना चुना लागतो. पाहणीला येणाऱ्यांनो, एकदा तसेच या, मागच्या वाटेनं, न कळवता. चहात घालायला माझ्याजवळ पुदिना आहे.