भावाच्या वाट्याचे अळू

सोमवार, १८ मार्च १९४६. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी इलोंग गुडघाभर चिखलात उतरली आणि तिने अळूचे पहिले रोप लावले. आठ वाजता तिला हटवायला पोलीस आला. तो तिचाच भाचा होता, तेल्लेई.

बांधावर थांबून त्याने हाक मारली, "आत्या, वर ये."

"तूच ये की खाली."

तो येणार नव्हता. पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर अळूचे खाचर बायकांचे, आईकडून मुलीकडे जाणारे. पुरुष बांधावर उभा राहतो.

"इथं गोदाम बांधायचंय. साहेबांचा हुकूम आहे."

"कुठल्या साहेबाचा? दोन वर्षांपूर्वी जपानी साहेबाचा हुकूम घेऊन आला होतास. नुसती टोपी बदललीस."

"ही बरी आहे. ऊन लागत नाही."

इलोंग हसली, पण वाकलेली कंबर तिने सरळ केली नाही.

तिच्या आजीने इथे अळू लावले तेव्हा बेटावर स्पेनचे राज्य होते, आईच्या वेळी जर्मनीचे. त्यांचे साहेब चिखलापर्यंत आले नाहीत. जपानी मोजणीदार आले. जमीन कोणाची, हे त्यांनी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला विचारले. तो इलोंगचा भाऊ, तेल्लेईचा बाप. त्याला वाटले, कागद बांधावरच्या वाटेचा आहे. खाचराबद्दल कोणी पुरुषाला विचारील, हे त्याच्या डोक्यातही आले नाही. त्याने अंगठा दिला. पुढे युद्धात जपानी सैन्याने बायकांना बाहेर काढून खाचर ताब्यात घेतले, आणि गावाने जंगलात उपाशी दिवस काढले. आता जपान हरला होता, आणि तो कागद अमेरिकन साहेबाच्या कपाटात गेला होता.

"बाबांचा अंगठा आहे, आत्या. जपान्यांचं होतं ते आता सरकारचं, असं साहेब म्हणतात."

"अंगठा त्याचा होता, खाचर कुठं त्याचं होतं? साहेबाला विचार, मी तुझी टोपी विकली तर चालेल का?"

तेल्लेईने टोपी चाचपली. मग रोपांच्या टोपलीकडे बघून म्हणाला, "ही जंगलातली ना?"

"याच खाचरातली. जंगलात ओढ्याकाठी जगवली तेवढीच."

तो बांधावर उकिडवा बसला.

"बाबा शेवटी पानांचा रस्सा मागत होते."

"दोन पानं दिली होती. तिसरं तोडलं असतं तर रोप गेलं असतं."

"बाबा गेले."

इलोंगने हातातले रोप खोचले आणि भोवतीचा चिखल तळव्याने दाबला. "गेला," ती म्हणाली, आणि तिने पुढचे रोप उचलले.

तेल्लेईने वही काढली. "काय लिहू?"

"दिसतंय ते लिही."

त्याने लिहिले: बाई खाचरात आहे. बाहेर येण्यास नकार. मला आत उतरता येत नाही.

गुरुवारी साहेबाने चार सैनिक आणि मातीचा ट्रक पाठवला. तेव्हा खाचरात अकरा बायका होत्या. एकीनेही मान वर केली नाही. ट्रक दुपारपर्यंत उभा राहिला आणि भरलेलाच परत गेला. साहेबाने ग्वाम बेटावरच्या वरिष्ठ कचेरीला पत्र लिहून विचारणा केली. तेल्लेई दर सोमवारी येऊन तीच तीन वाक्ये लिहीत राहिला.

२३ सप्टेंबरला, अठ्ठाविसाव्या सोमवारी, इलोंगने पहिला गड्डा उपटला. देठासकट माथा कापून त्याच खड्ड्यात परत लावला. गड्डा उकडला, पानात बांधला आणि बांधाकडे हात वर केला.

"पहिला वाटा भावाचा असतो. घेऊन जा."

बाप घरापुढच्या दगडाखाली पुरलेला होता. तेल्लेईने टोपी काढली आणि पुडके दगडावर ठेवले. मग तो बांधावर परत आला आणि त्याने वही उघडली.

ग्वामहून अजून उत्तर आलेले नाही.