चादर दिसली की ठीक

"वहिनी, झेंडा लागलाय का बघून घ्या. एकदा गर्दी झाली की दुर्बीण मिळायची नाही," दुर्बिणीवाला म्हणाला.

तिनं फडकं खांद्यावर टाकून डोळा लावला. छपरांच्या गर्दीत तिची गॅलरी सापडली. कठड्यावर हिरवी चादर.

"लागलाय."

"म्हणजे सासूबाईंचं राज्य शाबूत आहे!"

"राज्य नातीचं. त्या नुसत्या पळतात तिच्यामागे."

शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या माथ्यावर ती काचा पुसायची. लोक वर येऊन शहर बघायचे आणि जाताना हातांचे, नाकांचे ठसे ठेवून जायचे. कामावर मोबाइल चालत नसे, तो खाली लॉकरमध्ये. नवरा ट्रकवर, सदा बाहेरगावी. घरी सासू आणि टिकली, दम्याची पोर. म्हणून सासूसुनेनं खूण ठरवली होती. चादर दिसली की सगळं ठीक. टिकलीला धाप लागली की चादर काढायची. मग हिनं काम टाकून धावत सुटायचं.

"आणि वाऱ्यानं उडाली म्हणजे?" सासूनं विचारलं होतं.

"चिमटे लावा ना, आई."

"घरातले सगळे लावते बाई. नाहीतर उगाच तुझा जीव जायचा तिकडे आभाळात."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चादर होती. उन्हं उतरली तेव्हाही होती. ती निवांत पुसत राहिली. जाताना टिकलीला रंगीत खडू घ्यायचे, एवढंच डोक्यात.

सुटल्यावर लॉकर उघडला. मोबाइलवर शेजारणीचे फोनच फोन. तिनं उलटा लावला.

"अगं, होतीस कुठे? दुपारपासून लावतेय. दवाखान्यात ये. आधी ये तू."

दवाखान्याच्या बाकावर सासू अनवाणी बसली होती. हिला बघून ती सरकून बाकावर जागा करू लागली.

"पंप दिला गं. दोनदा दिला. ओठ निळे पडायला लागले, तशी उचलली आणि पळाले. वाटेत तुझंच नाव घेत होती..." तिचा हात हवेतच काहीतरी ओढत राहिला. "चादर राहिली गं. काढायची राहिली."

तसल्या आकांतात चिमटे कोण सोडत बसेल, हे ठरवताना दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

टिकलीचं तेरावं झाल्यावर ती कामावर परतली. घरी दोघी समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींकडे बघायचं टाळायच्या. त्यापेक्षा काचा बऱ्या. दुर्बिणीवाल्यानं काही विचारलं नाही. त्यानं दुर्बीण डोंगराच्या बाजूला फिरवून ठेवली होती.

दुपारी एक बाई लेकीला घेऊन आली. पोरीनं काचेला तोंड लावून मोठा हाऽऽ केला.

"अगं ए, घाण करू नकोस! बघा ना हो मावशी, ऐकतच नाही. तेवढं पुसता का?"

ती फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली. काचेवर वाफेचा गोल उमटला होता, पोरीच्या तोंडाएवढा. तिचा हात उचलेना.

"असू दे," ती म्हणाली. "आपोआप जाईल."

गोल कडेकडेनं आक्रसत गेला. मायलेकी पुढच्या काचेकडे गेल्या. ती तशीच बसून बघत राहिली, शेवटचा ठिपका विरेपर्यंत.