छपराखालचे माग

इनासचा माग ठाण्यात त्याच्या घरातच होता. तो रेशीम विणायचा आणि शेजारी बसून त्याची बायको लुर्दस धोट्यातल्या कांड्यांवर धागा भरायची. हरिहरशेठ रेशीम पाठवत, आठवड्याने कापड उचलत.

१८७८ साली शेठजींच्या डोक्यात कारखान्याचं खूळ शिरलं. त्यांनी तळ्यापलीकडे मोठं छप्पर घातलं, दारात घंटा टांगली आणि हुकूम काढला, की माग इथे आणा. घरी विणणाऱ्याला रेशीम मिळणार नाही. देखरेखीला श्रीपाद नावाचा भाचा नेमला. इंग्रजी तीन इयत्ता शिकलेल्या या गृहस्थाने आयुष्यात धोटा हातात धरला नव्हता. उंच खुर्चीवर बसून अकरा विणकरांच्या पाठींकडे बघत राहणं एवढंच त्याला जमे.

बायकांना आत मज्जाव होता. कांडी संपली की इनास स्वतः उठून भरायचा, मग पुन्हा मागावर बसायचा. कापड निम्म्यावर आलं.

"आळशी लेकाचे!" श्रीपाद म्हणाला. "डोळ्यांसमोर ही तऱ्हा, तर घरी काय दिवे लावत असतील?"

सिल्वेस्टर विणकर मात्र खूश होता. "घरात सहा पोरं धाग्यांत लोळतात रे. इथं निवांत आहे."

"निवांत आहेच. विणतोस कुठं?" इनास फणकारला.

पावसाळ्यानंतर मुंबईच्या व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला. सारख्या उठबशीने वीण सैल पडली होती. शेठजी तणतणत आले. श्रीपादने उपाय सांगितला, "मामा, आणखी एक देखरेखवाला नेमू."

इनास मोठ्याने हसला. "नेमा की शेठजी! दोघं मिळून आमच्या पाठी बघतील."

त्याच दिवशी त्याने माग सोडवला आणि बैलगाडीत घालून घरी नेला. पंधरा दिवस काम नव्हतं. लुर्दसचा जीव टांगणीला लागला. मग कल्याणच्या एका व्यापाऱ्याने रेशीम दिलं. कुठे बसून विणतोस, हे त्याने विचारलंही नाही.

दिवाळी झाल्यावर श्रीपाद इनासच्या दारात आला. छपराखाली आता चार विणकर आणि दोन देखरेखवाले उरले होते.

"अरे इनास, मामांनी तोड काढली आहे. तीन दिवस कारखान्यात ये, तीन दिवस घरी वीण."

"आणि माग? तो काय दर तीन दिवसांनी डोक्यावर घेऊन फिरू?"

"ते मामांना विचारून सांगतो," श्रीपाद म्हणाला, आणि खरोखरच विचारायला गेला.