क्वेसारपुढचा पैलवान

"मॅडम, क्वेसारचा एक्स-रे काढताना त्याला 'श्वास रोखून धरा' असं कोण सांगतं?"

विचारलं एकदाचं! शेजारी बसून आदिती अर्धा तास कोपरानं ढोसत होती, "इचार की! भितीस व्हय? तुझे पप्पा तर रोजच म्हणत्यात." पप्पा एक्स-रे टेक्निशियन, त्यामुळं वर्गात माझी हीच चेष्टा. अख्खा हॉल हसला. मी मात्र उभीच राहिले. अकरावीत आल्यापासनं माझी भीतीच मोडलीय, कशी कुणास ठाऊक! एका फॉर्मची सोडून. बारावीला गणित सोडायचं की जीवशास्त्र, ते सोमवारी लिहून द्यायचं होतं, आणि पप्पांनी ठरवून टाकलं होतं : दीक्षा डॉक्टर होणार.

पुण्याहून व्याख्यान द्यायला आलेल्या खगोलशास्त्रज्ञ अंजना मॅडम हसल्या नाहीत. "कोणीच सांगत नाही. दवाखान्यात मशीन एका बाजूला, पेशंट मधे आणि पलीकडे फिल्म. इथं मशीन म्हणजे खुद्द क्वेसार. दूरच्या दीर्घिकेच्या मध्यावर प्रचंड कृष्णविवर, आणि त्यात पडता पडता तापून लखलखणारा वायू. आपली फिल्म तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या उपग्रहावर, कारण हवा हे किरण खाली येऊच देत नाही. मग पेशंट कोण?"

मॅडमनी पडद्यावर आलेख लावला. उपग्रहानं जवळजवळ दिवसभर एका क्वेसारकडं बघून मोजकेच किरण मिळालेले. कमी ताकदीचे तर जवळपास नाहीतच, जास्त ताकदीचे तेवढे थोडेफार.

"क्वेसारच मंद असंल," आदिती म्हणाली.

मला पप्पांचं मशीन आठवलं. तालमीतला पैलवान आला की पप्पा केव्हीचं, म्हणजे किरणांची ताकद वाढवायचं, बटण वर फिरवतात. नाहीतर किरण त्याच्या अंगातच अडकतात.

"न्हाय!" मी ओरडलेच. "मंद असता तर सगळेच सारखे कमी आले असते. मधे कायतरी जाड आलंय. कमी ताकदीचे अडकले, ताकदीचे पार झाले. पैलवान उभा हाय मधे!"

हॉल परत हसला, पण मॅडम टेबल सोडून माझ्यापर्यंत आल्या. "बरोबर. हा पैलवान म्हणजे वायू. फक्त तो उभा नाही, क्वेसारपासून बाहेर सुटलाय. आपल्याच दिशेनं, सेकंदाला हजारो किलोमीटर."

"कृष्णविवर तर गिळतं की! मग हा बाहेर कसा?"

"आत पडायच्या आधीच उजेडाच्या रेट्यानं ढकलला जात असावा. किती जातो, नेमका कुठून सुटतो, ते नीट माहीत नाही."

"तुम्हालाबी?"

"मलाही नाही," मॅडम म्हणाल्या, आणि कसल्या खुशीत म्हणाल्या!

कोडोलीला परतताना एसटीत आदिती बडबडत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. उजेड ढकलतो? वायूला?

घरी पप्पा फॉर्म पुढ्यात घेऊन बसलेले. मी सगळं एका दमात सांगितलं.

"आणि केव्हीचं तुला कुणी शिकवलं?" पप्पांनी विचारलं.

"तुम्हीच की."

"आपल्या बापाचं नाव काढलं बघा पोरीनं," आई चुलीपासनं म्हणाली.

पप्पा लाजले. मग पेन उघडलं. "वीस वर्सं फिल्म काढून डॉक्टरच्या हातात देतोय मी. तू ती वाचायची. चल, जीवशास्त्र ठेवून गणित सोडायची खूण करतो."

मी त्यांच्या हातातलं पेन धरलं.

"पप्पा, आई, ऐका. मी गणित ठेवणार, जीवशास्त्र सोडणार. डॉक्टर न्हाय व्हायचं मला. तो वायू कुठनं सुटतो, ते मी शोधणार."