रखमाची उलटतपासणी

कापड्याच्या वरच्या वाडीत रखमाएवढ्या कोर्टाच्या मालिका कुणी पाहिल्या नसतील. पडद्यावरचा वकील ‘हो की नाही, एवढंच सांगा’ म्हणून गरजला आणि साक्षीदार बाई गप्प झाली, की ही हातातला घास खाली ठेवून ओरडायची, “अगो, बोल की पुढचं! त्यानं तोंड शिवलंय का तुजं?”

आता तिची स्वतःचीच साक्ष होती. शेतावर जायची जुनी वाट शेजारच्या सुनीलने तार ठोकून बंद केली होती आणि इथे वाट कधी नव्हतीच, असं तो खुशाल सांगत सुटला होता. ती वाट गेली तर रखमाचं भाताचं शेत पडीक राहणार होतं. म्हणून तिने दावा लावला होता.

खऱ्या कोर्टाने मात्र तिची पार निराशा केली. ना हातोडा, ना गीतेवर हात, ना कुणी ‘ऑब्जेक्शन’ म्हणून ताडकन उठलं. शपथ नुसती तोंडाने घ्यायची. ती काही बोलली की जजसाहेब ते सावकाश टायपिस्ट बाईंना लिहून घ्यायला सांगायचे आणि त्या टकटक करायच्या. तिच्या वकील उज्वलाबाईंनी बजावलं होतं, “मावशी, विचारतील तेवढंच बोला.”

मालिकेतला रुबाब होता तो फक्त सुनीलच्या वकिलात. “ग्रामदेवतेची पालखी पूर्वापार या वाटेने जाते म्हणता. यंदाच्या शिमग्याला गेली का? हो की नाही?”

“नाय. पन...”

“बस्स! उतरा खाली.”

रखमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. “नाय उतरनार! का नाय गेली, ते कोन इचारनार? साहेब, माजं अर्धं बोलनं लिवू नका.”

उज्वलाबाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “बोला.”

“पालखी आली व्हती. ह्याच्या तारंपाशी आडली. अख्खी वाडी बघत व्हती. देव माघारी फिरला, साहेब.”

“हे साफ खोटं आहे, असं मी सुचवतो,” वकील म्हणाला.

“मला नको सुचवू, बाबा. तुज्या अशिलाला इचार. पालखीला पुढचा खांदा त्याचाच व्हता.”

सगळे सुनीलकडे वळले. वकीलही वळला. सुनीलने बोलायला तोंड उघडलं, पण देवाला आपण खांदा दिलाच नाही, असं म्हणायची त्याची छाती झाली नाही.