एक 'प' कमी

तीन दिवस माझी बायको दोलोर माझ्यापासून काहीतरी लपवत होती. मी स्वयंपाकघरात शिरलो की कागद पावाच्या फडक्याखाली जायचा, आणि फोनवर बहिणीशी चाललेलं हसणं एकदम थांबायचं. माझा जन्म वर्तमानपत्राची मुद्रितं तपासण्यात गेला. माणसांवर भरवसा ठेवायचा नाही आणि अक्षरांवर तर मुळीच नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. शंकेची पाल चुकचुकली.

शनिवारी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि मी फडकं उचललं.

भाषण होतं! माझ्या निवृत्तीनिमित्त दुसऱ्या दिवशी आमच्या झेय्तुन गावच्या बँड क्लबात जेवण होतं, तिथे ती चार शब्द बोलणार होती. जीव भांड्यात पडला. मग शेवटची ओळ वाचली. चाळीस वर्षांच्या संसाराबद्दल तिने क्रियापद वापरलं होतं 'इस्सापोर्ता'.

आमच्या माल्टी भाषेत 'इस्सप्पोर्त्या' म्हणजे पाठीशी उभं राहणं. तो शब्द इंग्रजांकडून आला, त्यात दोन 'प'. 'इस्सापोर्ता' इटालियनमधून आलेला, त्यात एकच, आणि त्याचा अर्थ सोसणं. आजकालची पोरं यात सर्रास घोळ घालतात. पण दोलोर? चुकून लिहिलं की मुद्दाम? क्लबातल्या हशाची मला पर्वा नव्हती. मला भीती वाटत होती.

ती रिकामी टोपली घेऊन खाली आली, तेव्हा मी शब्दकोश उघडून बसलो होतो.

"झाली का हेरगिरी?"

"अगं, इथे एक 'प' राहिलाय."

"राहिला नाही. आधी दोन लिहिले होते, मग एक खोडला."

मी कागद खिडकीशी धरला. खाडाखोड दिसत होती. माझ्या नजरेतून ती सुटलीच कशी?

"हरकत नाही," मी घाईघाईने म्हणालो. "दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, हे बघ. लॅटिन. खालून उचलून धरणं. त्यातूनच आधार देणं आलं, त्यातूनच सोसणं. म्हणजे तुला म्हणायचंय..."

"खालून?"

"हो, खालून."

तिने टोपली जमिनीवर ठेवली आणि माझ्यासमोर बसली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मग चाळीस वर्षं वर कोण होतं रे, विस्तिन?"

"मी," मी म्हणालो.