चौदा नंबरच्या नकाशातली हिरवळ

पट्टीकाकांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवताना डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर टकटक करायची. झोपेतही पाय चालायचे; सकाळपर्यंत नवरा परगावी पोचत नाही हेच नशीब, असं त्यांची बायको म्हणायची.

नगररचनेच्या ऑफिसात ते एकतीस वर्षं नकाशे काढत होते. शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पट्टी, म्हणून पट्टीकाका. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि सरळ रेघेला बाक यायला लागला होता. महिनाभरात डोळा करून घ्या, नाहीतर तळघरातल्या दप्तरखान्यात बसा, असं साहेबांनी अगदी प्रेमानं सांगितलं होतं. दप्तरखान्याला खिडकी नव्हती. इकडे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई रक्तदाब दीडशेच्या खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावायला तयार नव्हत्या, आणि काकांचा रक्तदाब एकशे ऐंशीवर मुक्काम ठोकून होता.

"गोळ्या घ्याच," बाई म्हणाल्या, "पण रोज तासभर झाडाखाली बसा. हिरवळीत."

काकांना हसू आलं. गावातली सगळी हिरवळ त्यांच्याच कुंचल्यातून उतरली होती. घरी न जाता त्यांनी थेट ऑफिसात जाऊन चौदा नंबरचा नकाशा कपाटातून बाहेर काढला. घरापासून दहा मिनिटांवर 'नियोजित बाग', हिरवीगार, पोपटाच्या पिसासारखी. अकरा वर्षांपूर्वी स्वतः रंगवलेली.

संध्याकाळी ते तिथे पोचले तर समोर सिमेंटचं गोदाम. बाग कुठे आहे, असं त्यांनी विचारल्यावर पहारेकरी भला माणूस निघाला. आत ठेवली आहे का बघून येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाग. तिथे नादुरुस्त बसगाड्या उभ्या होत्या. तिसऱ्या बागेत पाण्याचे मोठाले पाइप रचलेले. आठवडाभर काका नकाशा काखेत मारून आपल्या बागा शोधत वणवण हिंडले. नऊ हिरवे ठिपके, एकाही ठिकाणी झाड नाही. आठवड्यानं बाईंनी रक्तदाब घेतला तो एकशे नव्वद.

"झाडाखाली बसलात ना?"

"आधी सापडू तर द्या," काका म्हणाले.

त्याच संध्याकाळी परतताना त्यांना चक्कर आली, म्हणून ते बंद पडलेल्या पंपघराच्या मागे टेकले. नकाशात ती जागा कोरी होती. गुडघाभर रानगवत, तुटक्या नळाखाली साचलेलं पाणी आणि एक वेडंवाकडं झाड. काकांनी सवयीनं पट्टी काढली आणि बुंध्याला लावली. सबंध झाडात इंचभरसुद्धा सरळ रेघ सापडेना. ते चिडले, दुसऱ्या फांदीला लावून बघितली, तिसरीला लावली. मग पट्टी कधी खिशात गेली ते त्यांना कळलं नाही. एक पक्षी पाण्यात अंग भिजवून निघून गेला. मुंग्या त्यांच्या चपलेला वळसा घालून चालल्या होत्या.

मग ते रोजच जायला लागले. दोन आठवड्यांनी जेवताना बायको एकदम थांबली.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

"का गं?"

"ताट वाजत नाहीये तुमचं."

रक्तदाब एकशे बेचाळीस आला. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं.

गुरुवारी साहेबांनी चौदा नंबरचा नकाशा टेबलावर पसरला. कोऱ्या जागा संध्याकाळपर्यंत भरायच्या होत्या. पंपघरामागच्या तुकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "इथे हिरवा मारा. बाग म्हटलं की वरचे खूश असतात."

काकांची बोटं टेबलावर वाजायला लागली. हिरवा दिलेल्या नऊ जागांचं काय झालं ते त्यांनी पायी हिंडून पाहिलं होतं. त्यांनी हिरव्या रंगाची बाटली उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेवटी शेजारची तपकिरी घेतली. तुकडा नीट रंगवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'नियोजित मैलापाणी टाकी'. मैल्याच्या शेजारी गोदाम टाकायला कुणी येणार नव्हतं, आणि नियोजित टाकी या ऑफिसच्या हातून होणार नव्हती.

साहेबांनी संध्याकाळी नाक मुरडलं. "हे कुणी सांगितलं?"

"वरून आलंय," काका म्हणाले. त्या ऑफिसात एवढं ऐकल्यावर पुढे कुणी काही विचारत नसे. साहेबांनी सही ठोकली.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात नर्सनं दंडाला पट्टा गुंडाळला. काकांचे पाय खुर्चीखाली चालायला लागले होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एक भलतीच धास्ती पडली होती.

"हात सैल सोडा, काका. ऑपरेशनची भीती वाटते?"

"ऑपरेशनची नाही. आमच्या ऑफिसनं एखादं काम खरंच केलं तर, याची."

नर्सनं काट्याकडे बघितलं. "एकशे अठ्ठेचाळीस. काठावर पास. चला आत."

काका उठले. पट्टी खिशातच होती. नर्सनं ती काढून ठेवायला सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलं, डोळ्यावरची पट्टी किती दिवसांनी निघेल. एका दिवसानं, ती म्हणाली. म्हणजे शनिवारी संध्याकाळी जाऊन बघता येईल, काकांनी हिशेब केला, आणि स्ट्रेचरवर आडवे झाल्यावरही त्यांचे पाय पंपघराच्या दिशेनं चालतच राहिले.